मोजकी वीज, धारदार साखळी

कोकणातील वाडीला लागणारे लाकूडकाम वर्षभर थोडे थोडे चालू असते आणि हत्यार निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. हापूसच्या जुन्या कलमात आतल्या अंगाला वाढून उजेड अडवणारी फांदी काढणे, काजूची वाळलेली काटकी साफ करणे, कौलांवर टेकू पाहणारा फणसाचा हात उतरवणे, गडग्यावर आडवा झालेला शेवगा हलवणे, न्हाणीच्या चुलीसाठी ओंडक्यांचे तुकडे पाडणे, ही कामे दिवसभराची नसतात. ती सकाळी अर्धा तास, संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धा तास अशी होतात आणि बहुतेक वेळा घरापासून हाकेच्या अंतरावर होतात. कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवत यांच्यावर ती आजवर भागत आली, कारण वाडीत गडी मिळत होता. आता तो सहज मिळत नाही, मिळाला तर झाडावर चढत नाही, आणि वाडी सांभाळणारी व्यक्ती पुष्कळदा साठी ओलांडलेली असते. ‘माणूस आणि हत्यार’ हे या अंकाचे सूत्र ठरले असताना बॅटरीवर चालणाऱ्या साखळी करवतीकडे, म्हणजे ज्याला वाडीत नुसते ‘कटर’ किंवा ‘चेनसॉ’ म्हणतात त्या यंत्राकडे, पाहणे म्हणूनच योग्य ठरते.

या यंत्राची ओळख कोकणाला मोठ्या प्रमाणावर झाली ती संकटातून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा, आंब्याची जुनी झाडे आणि किनाऱ्यावरची सुरूची बने झोपली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला झोडपून गेले. रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडांपुढे कुऱ्हाड अपुरी पडली आणि पेट्रोलची साखळी करवत ज्याच्याकडे होती त्याला गावोगाव बोलावणे येऊ लागले. त्यानंतर अनेक बागायतदारांनी ती विकत घेतली. पण वादळाच्या कामासाठी घेतलेले ते यंत्र वर्षातले बहुतेक महिने पडवीच्या कोपऱ्यात पडून राहते, आणि पडून राहणे हेच त्याला सोसत नाही. छोट्या दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात, पुष्कळ यंत्रांना लिटरमागे २० मिलिलिटर, ऑइल मिसळून द्यावे लागते. हे मिश्रण टिकाऊ नसते. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हेच पंपावरचे नेहमीचे इंधन झाले, आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळी दमटपणात टाकीत राहिलेले असे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या पातळ रबरी पडद्यांची नासधूस करते आणि गणपतीच्या आधी फांदी तोडायला म्हणून बाहेर काढलेली करवत दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाही. बॅटरीच्या करवतीची बाजू येथून सुरू होते: ती चार महिन्यांनीही खटका दाबताच चालते.

व्होल्टपेक्षा वॉट-तास

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती व्होल्टची?’ असा असतो आणि फसगतीची सुरुवातही तेथूनच होते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणलेल्या लिथियम-आयन जातीचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. असे ५ सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात आणि १० जोडले की ३६. पूर्ण भरलेला सेल थोडा वेळ ४.२ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे ५ सेलांची तीच बॅटरी एक उत्पादक १८ म्हणून विकतो तर दुसरा २० किंवा २१ म्हणून, आणि त्यांच्या कामात काडीचा फरक नसतो. व्होल्ट म्हणजे उंचावरच्या टाकीतील पाण्याचा दाब आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीत मावणारे पाणी असे धरले, तर काम किती होईल हे दोहोंच्या गुणाकारावरून कळते. त्या गुणाकाराला वॉट-तास म्हणतात: १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची, ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची १८० वॉट-तासांची. जास्त व्होल्टचा खरा फायदा इतकाच की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात मिळते, तारा आणि मोटर कमी तापतात आणि यंत्र जड लाकडात लवकर दम टाकत नाही.

हे आकडे कामाशी ताडून पाहिले की अपेक्षा जमिनीवर येतात. करवत जोरात कापत असताना १००० वॉट खेचत असेल, तर ९० वॉट-तासांची बॅटरी प्रत्यक्ष कापण्याची सुमारे साडेपाच मिनिटे देते. ऐकायला हा वेळ फार थोडा वाटतो, पण फांद्या उतरवताना करवत लाकडात असते त्याहून जास्त वेळ माणूस पुढचा काप ठरवण्यात, पाय रोवण्यात आणि कापलेले ओढून बाजूला करण्यात घालवतो. ६ इंच जाडीच्या फांदीला ६ सेकंद लागले, तर त्या साडेपाच मिनिटांत पन्नासेक काप होतात. ओंडका १२ इंचांचा झाला की मात्र कापायचे क्षेत्रफळ दुप्पट न होता चौपट होते आणि कापांची संख्या बारा-तेरावर येते. खोक्यावर छापलेले ‘एका चार्जमध्ये इतके काप’ हे आकडे बहुधा ४ इंची चौकोनी, मऊ, सूचिपर्णी लाकडावर काढलेले असतात. काजूच्या किंवा सुरूच्या लाकडाला ते लावू नयेत. पेट्रोलशी तुलना करायची तर अर्ध्या लिटरच्या टाकीतून, इंजिनात बरीचशी उष्णता वाया जाऊनही, अशा बॅटरीच्या कित्येक पट काम निघते. दिवसभर सलग ओंडके पाडणाऱ्या कंत्राटदाराने म्हणूनच पेट्रोल सोडण्याचे कारण नाही.

फसवणुकीचा मोठा बाजार एका हाताने धरायच्या, ४ ते ६ इंची पट्टीच्या छोट्या करवतींचा आहे. त्यांच्या बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे भारदस्त आकडे असतात आणि आत पुष्कळदा तेच ५ सेल निघतात. पारख करायला तराजू पुरतो. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा आणि जेमतेम ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा असतो. चांगल्यात चांगला घेतला तरी त्यात साडेबारा वॉट-तासांच्या आसपासच ऊर्जा मावते. म्हणजे ५ सेलांच्या बॅटरीत साठाच्या फार वर जाणे शक्य नाही, मग वेष्टनावर काहीही लिहिलेले असो. हातात हलकी लागणारी आणि वेष्टनावर अचाट क्षमता मिरवणारी बॅटरी परत ठेवावी.

वाडीसाठी मधला मार्ग बहुतेकांना पुरतो: १२ किंवा १४ इंची पट्टी, ३६ व्होल्ट किंवा १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकत्र जोडणारी रचना, कार्बनचे ब्रश नसलेली, म्हणजे घासून झिजणारा भाग टाळलेली ‘ब्रशलेस’ मोटर, आणि बॅटरीसह वजन ५ किलोच्या आसपास. १६ इंची पट्टी पाहून मोह होतो. पण पट्टी लांब झाली की तीच मोटर अधिक साखळी ओढत बसते आणि वजनाचा तोल पुढे झुकतो. घरात आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल किंवा गवत कापायचे यंत्र असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारी करवत घेण्यात शहाणपण आहे, कारण बॅटरी आणि चार्जरची किंमत पुष्कळदा नुसत्या यंत्राइतकीच पडते. आणि साखळी, पट्टी व दातेरी चाक हे तीन झिजणारे भाग चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला मिळतात का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

भिरुडाचे जबडे

दापोली परिसरातील एका बागेत काजूच्या फांद्या उतरवण्याचे काम चालू असताना करवत मध्येच मंदावली आणि मालकांनी बॅटरीला दोष दिला. करवत धरणाऱ्या तरुणाने कापातून पडणारा भुसा तळहातावर घेऊन दाखवला आणि म्हणाला, “काका, बॅटरी नाय गेली, चेन गेलीय. पीठ पडतंय बघा.” त्याचे निदान अचूक होते. धार असलेली साखळी लाकडाच्या ढलप्या काढते आणि स्वतःहून आत शिरते. बोथट साखळी लाकूड घासते, पिठासारखा भुसा पाडते आणि माणसाला वरून जोर लावायला भाग पाडते. पेट्रोलच्या करवतीत हा दोष झाकला जातो, कारण इंजिनाला जोर असतो आणि टाकी पुन्हा भरता येते. बॅटरीच्या करवतीत ऊर्जा मोजूनमापून आलेली असल्याने बोथटपणाची किंमत तेथल्या तेथे चुकवावी लागते: निम्मे काप, तापलेली मोटर, आणि चार्जरवर बसवलेली पण गरम असल्यामुळे चार्जच न घेणारी बॅटरी. म्हणूनच बॅटरीची करवत घेणाऱ्याने दुसरी बॅटरी घेण्याआधी कानस घ्यावी.

साखळीच्या आजच्या दाताची कल्पना एका किड्याकडून आली आहे. अमेरिकेतील ऑरेगनचा लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स १९४६ च्या सुमारास वठलेल्या लाकडात शिरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण करत होता. तोवरच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे लाकूड ओरबाडत आणि वारंवार धार मागत. ही अळी मात्र इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या जबड्यांनी आलटून पालटून डावीउजवीकडे कुरतडत आडव्या-उभ्या धाग्यांतून सारख्याच सहजतेने वाट काढत होती. तिच्या जबड्यावरून त्याने डावा आणि उजवा असे आळीपाळीने बसवलेले वळणदार दात घडवले आणि १९४७ मध्ये ती साखळी विकायला काढली. जगभरच्या करवती आज मूलतः तोच दात वापरतात. कोकणच्या बागायतदाराला या अळीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड आणि काजूचा रोठा हे तिच्याच कुळातले, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे वंशज आहेत.

धार लावण्याचे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते शिकवून येते. बॅटरी काढून ठेवायची, पट्टी ओंडक्यात किंवा शिकंज्यात पक्की धरायची आणि दाताच्या मापाची गोल कानस घ्यायची. वाडीच्या करवतींवर नेहमी आढळणाऱ्या साखळीला ती बहुधा ४ मिलिमीटरची लागते, तरी माप पुस्तिकेत पाहून घ्यावे. दाताच्या वरच्या कडेला साधारण ३० अंशांची तिरकी रेघ खुणेसाठी कोरलेली असते. त्या रेघेला समांतर, आतून बाहेर, एकाच दिशेने दोन किंवा तीन हात मारायचे. परत येताना कानस उचलायची. प्रत्येक दाताला तेवढेच हात, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घासले गेले तर करवत सरळ न जाता कापात वळू लागते. प्रत्येक दातापुढे एक ठेंगणा उंचवटा असतो, तो दाताने किती खोल चावावे हे ठरवतो. चार-पाच वेळा धार लावल्यावर दात खाली जातो आणि उंचवटा तसाच राहतो. तेव्हा तो मापपट्टी ठेवून सपाट कानशीने उतरवावा लागतो. हे न केल्यास धार असूनही साखळी लाकडावरून नुसती घसरते, आणि उलट तो फार उतरवला तर करवत हिसके देऊ लागते.

लाकूड पाहून करवत

वाडीतली लाकडे एकसारखी वागत नाहीत. आंब्याचे लाकूड करवतीला सोपे जाते. ताज्या फांदीचा चीक मात्र कातडीला भाजतो. फणसाचा चीक साखळीच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि काम झाल्यावर लगेच पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी साखळी आखडलेली मिळते. सुरूचे वाळलेले लाकूड बॅटरी पाहता पाहता पिते. माडाचे खोड सर्वांत फसवे: त्याला इतर झाडांसारखी साल आणि गाभा नसतो, बाहेरचा भाग कठीण आणि आतला मऊ, भुसभुशीत असतो, आणि त्याचे धागे दाताची धार झपाट्याने खातात. पडलेला माड कापायचा असेल तर त्याच्यासाठी जुनी साखळी वेगळी ठेवणारे बागायतदार आहेत आणि ही पद्धत अनुकरणीय आहे. बांबूला साखळी करवत लावूच नये. त्याच्या कामट्या साखळीत अडकून अंगावर येतात, तेथे बारीक दातांची हातकरवत बरी. गडग्याजवळच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असण्याची शक्यता असते, आणि पालापाचोळ्यातल्या फांदीला लागलेली जांभ्याची माती एका कापात साखळी बोथट करते.

छाटणीच्या कामात झाडाचे भलेही पाहावे लागते. जड फांदी एकदम वरून कापली तर ती तुटताना खोडाची साल फाडत खाली येते. म्हणून खोडापासून हातभर पुढे आधी खालून पाव जाडीचा काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप घेऊन फांदीचे ओझे उतरवायचे आणि शेवटी राहिलेला खुंट, फांदी जेथे खोडाला मिळते तेथील फुगीर कडे राखून, काढायचा. ते कडे राहिले तर झाड जखम स्वतः भरून काढते. मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत कोकणात रूढ आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. बॅटरीची करवत हलकी आणि शांत असल्यामुळे मोह मात्र जास्त छाटण्याचा होतो. आणि पूर्ण झाड तोडायचे असेल तर आंबा, फणस, साग यांसारख्या झाडांना १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या जमिनीत असले तरीही.

शांत यंत्राचा धोका

बॅटरीच्या करवतीला धूर नाही, दोरी ओढायची नाही, आवाज कमी, हाताला कंप कमी. या सगळ्या गुणांमुळे ती अशा हातांत जाते ज्यांनी पेट्रोलची करवत कधी उचलली नसती. साखळी मात्र येथेही सेकंदाला १० ते २० मीटर वेगाने धावते. सर्वांत गंभीर अपघात पट्टीच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशाने होतो: तो भाग फांदीला टेकला की दात अडकतो आणि पट्टी क्षणार्धात उसळून चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे येते. पुढच्या मुठीसमोरचा आडवा दांडा ढकलला गेला की साखळी थांबवणारा ब्रेक यासाठीच असतो. एका हाताच्या छोट्या करवतींना असा ब्रेक बहुधा नसतो, आणि त्यांच्या बाबतीत दुसरा हात फांदी धरायला पुढे जातो, जखम तेथेच होते. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन करवत चालवू नये. उंच फांदीसाठी लांब दांड्याची करवत जमिनीवरून वापरावी किंवा दोर-पट्ट्यांसह चढणाऱ्या जाणकाराला बोलवावे. लुंगी आणि स्लिपर हा वाडीचा रोजचा वेष या कामाला चालत नाही. बूट, चष्मा आणि जाड पँट ही किमान गरज आहे. साखळी अडकवून थांबवणाऱ्या धाग्यांची खास विजार मिळते, पण ती पेट्रोल करवतीसाठी बनवलेली असेल तर विजेच्या मोटरपुढे तितकीच टिकेल असे गृहीत धरू नये. साखळीला हात लावण्यापूर्वी, अगदी अडकलेली काटकी काढायलासुद्धा, बॅटरी आधी बाहेर काढावी, कारण इंजिन बंद आहे हे जसे कानांना कळते तसे या यंत्राचे कळत नाही.

जमिनीवर पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा कपटी असते. दोन टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. वरूनच कापत गेले तर काप मिटतो आणि पट्टी अडकते. अशा वेळी आधी दाबाच्या बाजूने तिसरा हिस्सा, मग ताणाच्या बाजूने उरलेला, आणि हाताशी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पाचर. मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचा बुंधा तोडला की मुळांचा मातीसह उभा राहिलेला पाळा अचानक मागे पडतो किंवा बुंध्याचा उरलेला भाग ताडकन उभा राहतो. त्या पाळ्याच्या खड्ड्यात आणि मागे कोणी नाही याची खात्री करूनच करवत लावावी, आणि असे बुंधे शक्यतो सरावलेल्या माणसावर सोपवावेत.

दमट हवेतली निगा

इंजिन नाही म्हणून तेल नाही, असा समज दुकानापासून घरापर्यंत आढळतो आणि तो पट्टी जाळतो. साखळीला पट्टीच्या खाचेत सतत वंगण लागते. बॅटरीच्या करवतीलाही त्यासाठी वेगळी छोटी टाकी असते आणि ती बॅटरीबरोबरच तपासावी लागते. हे तेल शेवटी बागेच्या मातीत उडते, म्हणून गाडीतून काढलेले काळे ऑइल त्यात घालणे खाण्याच्या फळांच्या बागेत गैर आहे. वनस्पती तेलावर बनवलेले साखळीचे ऑइल वापरावे. मात्र ते पडून राहिले की चिकट होते, त्यामुळे दीर्घ मुक्कामाआधी टाकी रिकामी करावी.

लिथियम बॅटरीला उष्णता सर्वांत वाईट. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या मांगरात किंवा बंद गाडीत ठेवलेली बॅटरी आयुष्य लवकर संपवते. काम संपल्यावर ती सावलीत निववून मग चार्जरवर लावावी, आणि पावसाळ्यात फारसे काम नसेल तर पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास भरून, करवतीतून काढून, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवावी. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिच्या धातूच्या पट्ट्यांवर थर धरतो; कोरड्या फडक्याने तो पुसला नाही तर जोडणी तापते.

वादळ आले तर

बॅटरीच्या करवतीची मोठी मर्यादा अशी की तिची निकड भासते तेव्हाच वीज नसते. निसर्ग वादळानंतर किनारपट्टीच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. तरी ही मर्यादा दिसते तितकी टोकाची नाही. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. तिच्यातून निम्मेच घ्यायचे ठरवले आणि वाटेतला तोटा धरला, तरी १८० वॉट-तासांची करवतीची बॅटरी तीन-चार वेळा भरता येते, अर्थात दिवे-पंखे बंद ठेवून. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा, कारण स्वस्त चौकोनी लहरींवर काही चार्जर तापतात किंवा चालतच नाहीत. चार-पाच वाड्यांनी मिळून एक दणकट पेट्रोल करवत ठेवावी आणि रोजच्या कामाला प्रत्येकाची बॅटरीची असावी, ही विभागणी कोकणासाठी सर्वांत व्यवहार्य दिसते.

हवामान खात्याचा इशारा आला की निम्म्यावर ठेवलेल्या बॅटऱ्या पूर्ण भराव्यात, साखळीला धार लावावी, तेलाची टाकी भरावी. वारा पडल्यावरही बागेत धावण्याचे कारण नसते: नुकसानभरपाईसाठी पंचनामा व्हावा लागतो आणि तोवर पडलेली कलमे व माड जागेवर दिसले पाहिजेत, निदान त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवलेली असली पाहिजेत. या पहिल्या दोन दिवसांत करवतीला काम असते ते घरापासून रस्त्यापर्यंतची पाणंद मोकळी करण्याचे, कौलांवर टेकलेला फाटा उतरवण्याचे आणि विहिरीच्या काठावरची फांदी हटवण्याचे. त्यातही तुटलेली विजेची तार कोठे लोंबत किंवा फांद्यांत गुंतलेली असेल, तर वीज मंडळाचा माणूस येऊन ती मृत असल्याचे सांगेपर्यंत त्या झाडाला करवत लावायची नाही.